कंटेनर मागवण्याआधी सासूबाईंना फोन करा

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

आम्ही २००९ मध्ये अमेरिकेत आलो, तेव्हापासून न्यू जर्सीत एडिसनला राहतो. येत्या जूनमध्ये कायमचे पुण्याला परततो आहोत. नवऱ्याला त्यांच्या कंपनीने पुण्याच्या ऑफिसात जागा दिली आहे. मुलगी १३ वर्षांची, मुलगा ८ वर्षांचा. सासरे गेल्या वर्षी गेले. सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत, कोथरूडच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहतात. आम्ही त्यांच्याकडेच राहणार आहोत.

आता घरात रोज सामानावरून वाद होतो. नवरा म्हणतो, वीस फुटी कंटेनर घेऊ आणि सगळं घर उचलून नेऊ, एवढे पैसे घालून घेतलंय ते कवडीमोलाने का विकायचं? मला वाटतं, सगळं विकून टाकावं आणि आठ बॅगा घेऊन निघावं. मुलीला तिचा बेडरूम सेट हवाय. तो नेणार नसू तर मी येणारच नाही म्हणते. पहिल्या नोकरीच्या पगारातून घेतलेलं सहा खुर्च्यांचं डायनिंग टेबल आहे, त्यावर नवऱ्याचा फार जीव. किचनमधली यंत्रं आहेत, पाच-सहाशे पुस्तकं आहेत, थंडीचे कोट आहेत. नवऱ्याचा दुसरा पर्याय म्हणजे इथे एक स्टोरेज युनिट भाड्याने घेऊन ठेवायचं, उगाच दोन वर्षांनी परत यावं लागलं तर. सासूबाई फोनवर म्हणतात, इथे सगळं आहे, काही आणू नका.

काय न्यावं आणि काय सोडावं?

एक वाचक, एडिसन

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या पत्रात वस्तू पुष्कळ आहेत, पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते सासूबाईंचं वाक्य. इथे सगळं आहे, काही आणू नका. तुम्ही ते शेवटी लिहून टाकलंत. मी तिथूनच सुरुवात करते.

परदेशातून परतणारी बहुतेक माणसं आपल्या तिथल्या घरात उभी राहून यादी करतात. सोफा चांगला आहे, न्यायला हवा. मिक्सर महागाचा आहे, न्यायला हवा. पण ज्या घरात जायचं आहे त्या घरात मनाने उभं राहून ही यादी करायची असते, आणि तुमच्या बाबतीत ते घर रिकामं नाही. तिथे सासूबाईंचा अख्खा संसार आहे. त्यांचा फ्रिज, त्यांची भांडी, त्यांचं दिवाण, माळ्यावरच्या ट्रंका. सासऱ्यांचं कपाटही आहे. वर्ष झालं तरी ते अजून कुणी धडपणे उघडलं नसावं, असा माझा अंदाज आहे.

‘काही आणू नका’ यात तुमचा खर्च वाचावा ही काळजी आहेच. पण तुमचं घर माझ्या घरात उतरलं तर माझं काय काय बाहेर जाईल, ही धास्तीही त्यात आहे. ती त्या बोलून दाखवणार नाहीत. इतक्या वर्षांनी मुलगा परत येतोय, त्या आनंदात असं बोलायचं कसं?

म्हणून कंटेनरवाल्याचं कोटेशन मागवायच्या आधी त्यांना फोन करा. तुम्ही दोघांनी मिळून करा, निवांत वेळी करा. ‘काय आणू?’ असं विचारू नका, त्याचं उत्तर तुम्हाला मिळालेलं आहे. विचारा, “आई, आमच्यासाठी कुठलं कपाट रिकामं करता येईल? स्वयंपाकघरात माझ्यासाठी एखादा कप्पा होईल का? तुमची कुठली वस्तू जागची हलू नये असं तुम्हाला वाटतं?” तिसरा प्रश्न नक्की विचारा. त्याचं उत्तर एखादं साधं स्टूल असेल, नाहीतर सासऱ्यांची आरामखुर्ची असेल. जे असेल त्याला हात लागणार नाही हे त्यांना तेव्हाच सांगून टाका. मग व्हिडिओ कॉलवर घर फिरून पाहा आणि शेजारच्या कुणाकडून मापं घ्या. खोल्यांची लांबी-रुंदी, दारांची रुंदी, लिफ्टचं माप. कोथरूडमधल्या जुन्या सोसायट्यांच्या लिफ्ट लहान असतात, काही इमारतींना लिफ्टच नाही.

त्यानंतर कोण कुठे झोपणार ते ठरवा. माणसं पाच आणि बेडरूम दोन. तुमची मुलगी आजीच्या खोलीत झोपणार असेल, तर तिच्या बेडरूम सेटचा प्रश्न तिथेच संपतो, कारण त्या खोलीत आजीचा पलंग आहे. हे तिला जूनमध्ये पुण्याला पोचल्यावर कळू नये. आत्ताच सांगा.

मुलीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण परतायचं की नाही हे ज्यांना कुणी विचारलेलं नाही अशी तुमच्या घरात दोनच माणसं आहेत, आणि त्यातल्या एकीला ते पुरतं समजतं. तिला पलंग हवा आहे असं मला वाटत नाही. दार लावून घेता येईल अशी एक जागा तिला हवी आहे, आणि ती जातेय हे तिला दिसतंय. खोली तुम्ही देऊ शकत नाही, तर दुसरं काहीतरी खरोखर द्या. कोथरूडच्या घरात कुलूप लागणारं एक कपाट तिचं एकटीचं, आणि सामानात सहा खोके तिचे. त्या खोक्यांत काय भरायचं ते ती ठरवेल, आणि तुम्ही ते उघडून पाहणार नाही. जुनी शुभेच्छापत्रं, दगडगोटे, न बसणारे बूट, काहीही असू दे. खोक्यांचं माप मात्र ठरलेलं. पलंगावरची चादर, रजई, उश्या, भिंतीवरची चित्रं एवढं जरी पोचलं, तरी झोपताना डोळ्यांसमोर ओळखीचं काहीतरी असेल. चादरी मापातही बसतात. अमेरिकेतला क्वीन पलंग ६० बाय ८० इंचांचा, आपल्याकडचा ६० बाय ७८. किंगचं माप तिकडे ७६ बाय ८०, इकडे बहुधा ७२ बाय ७८. चादरी थोड्या जास्त खोचल्या की झालं. उलट तिकडची गादी इथल्या पलंगात बसत नाही, त्यामुळे गाद्या नेऊ नका.

मुलाचं सोपं आहे. ८ वर्षांच्या मुलाला लेगो, एखाददुसरं जुनं मऊ खेळणं आणि सायकलचं आश्वासन पुरतं. सायकल पुण्यात घ्या.

आता कंटेनर. वीस फुटी कंटेनरमध्ये साधारण ३३ घनमीटर सामान मावतं. एडिसनमधलं तुमचं घर त्यात मावेलही, पण कोथरूडचा फ्लॅट ते पोटात घेऊ शकणार नाही. समजा पुढे कधीतरी तुम्ही बाणेर-बावधनला मोठं घर घ्याल, तरी त्या घरासाठी आजच फर्निचर वाहून न्यायचं कारण नाही. आमच्या ओळखीतलं एक कुटुंब टेक्सासहून असंच सगळं घेऊन आलं. त्यांचा सोफा आणि टेबल एका नातेवाइकाच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली तीन पावसाळे पडून होतं, आणि मग जुन्या फर्निचरवाल्याकडे गेलं.

तुमची आठ बॅगांची कल्पनाही मला पटत नाही. सगळं विकून मोकळं होण्यात सुटल्यासारखं वाटतं खरं, पण पहिल्या वर्षी मुलं ‘ते कुठे आहे?’ असं विचारत राहतात, आणि प्रत्येक वेळी ‘विकलं’ हे उत्तर द्यावं लागतं. मधला मार्ग आहे. इतरांच्या सामानाबरोबर अर्धवट कंटेनरमध्ये तीनेक घनमीटरची जागा घ्या. तीन घनमीटर म्हणजे मध्यम आकाराचे तीसेक खोके. त्याशिवाय विमानातून प्रत्येकी दोन बॅगा. अमेरिका-भारत प्रवासात बहुतेक विमान कंपन्या प्रत्येकी २३ किलोच्या दोन देतात, पण तिकीट काढताना तपासून घ्या.

यातली एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. अर्धवट कंटेनरमध्ये पैसे लागतात ते सामानाने अडवलेल्या जागेचे, आणि विमानात मर्यादा असते वजनाची. म्हणून जड पण आटोपशीर वस्तू समुद्रातून पाठवाव्यात. पुस्तकं, बिडाचे तवे, पितळी भांडी, नवऱ्याची हाताने वापरायची हत्यारं. कपडे आणि रोजच्या गरजेच्या हलक्या वस्तू विमानातून. हा हिशेब मांडला की सोफा, खुर्च्या, रिकामी कपाटं आपोआप यादीतून गळतात, कारण त्यांच्यात बरीचशी हवाच असते आणि तुम्ही तिचंच भाडं भरता.

पुस्तकांवर मी अडून बसणार आहे. न्यू जर्सीतल्या सार्वजनिक वाचनालयातून तुमची मुलं दर आठवड्याला पिशवी भरून पुस्तकं आणत असतील. पुण्यात इतर जवळपास सगळं मिळेल, पण घराजवळ, फुकट, भरगच्च आणि मुलांना जमिनीवर बसून वाचू देणारं तसं वाचनालय सहजासहजी मिळणार नाही. पहिल्या वर्षी शाळा नवी, मित्र नवे, आणि मराठी-हिंदीच्या तासाला जीव मेटाकुटीला येणार. अशा वेळी आधी वाचलेलं पुस्तक पुन्हा हातात घेणं हा मुलांना फार मोठा आधार असतो. म्हणून मुलांची इंग्रजी पुस्तकं भरपूर न्या. लहान खोक्यांत भरा, मोठा खोका पुस्तकांनी भरला की हमालालाही उचलत नाही.

तुम्ही इथून नेलेली मराठी पुस्तकं मात्र बहुतेक तिथेच ठेवून या. ती अप्पा बळवंत चौकात पुन्हा मिळतील. एडिसनच्या आसपास रविवारच्या मराठी शाळा चालतात, तिथल्या मुलांना ती मिळणं अवघड आहे. त्यांना देऊन टाका. ज्यांवर कुणाच्या हातचं काही लिहिलेलं आहे तेवढी परत आणा.

स्वयंपाकघरातल्या यंत्रांबद्दल थोडक्यात सांगते. अमेरिकेत वीज १२० व्होल्टची, ६० हर्ट्झची. भारतात २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. यंत्राच्या मागच्या चिट्ठीवर ‘१०० ते २४०’ असं छापलेलं असेल तर ते इथे चालतं, फक्त पिन बदलावी लागते. लॅपटॉप, फोन, कॅमेरा यांचे चार्जर बहुधा तसे असतात. नुसतं १२० लिहिलं असेल तर विका. मिक्सर, मायक्रोवेव्ह, कॉफीचं यंत्र, इलेक्ट्रिक कुकर, केस वाळवायचं यंत्र, व्हॅक्यूम क्लीनर, सगळं यात आलं. ट्रान्सफॉर्मर लावून चालवू असं नवरा म्हणेल. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. त्यामुळे काही यंत्रांची मोटर हळू फिरते आणि जास्त तापते. शिवाय हजार-दीड हजार वॉटचा ट्रान्सफॉर्मर धोंड्यासारखा जड असतो, आणि तो नेमका सासूबाईंच्या ओट्यावर बसणार.

एका वस्तूबद्दल बजावून सांगते. तिकडची एक्स्टेंशनची पट्टी, विशेषतः व्होल्टेज अचानक वाढलं तर यंत्रं वाचवणारी, इथे अजिबात वापरू नका. ती १२० व्होल्टसाठी बनवलेली असते. २३० वर ती जळते, आग लागू शकते. मुलांच्या हाती लागेल अशा बॅगेत ती चुकूनही येऊ देऊ नका.

टेबललॅम्प आवडता असेल तर आणा. त्यातला दिवा काढून टाका, इथे २३० व्होल्टचा घाला आणि इलेक्ट्रिशियनकडून पिन बदलून घ्या. बेकिंगचे मोठे ट्रे आणू नका. १८ बाय १३ इंचांचा ट्रे इथल्या टेबलावरच्या ओव्हनमध्ये जात नाही. केकची गोल भांडी आणि मापाचे कप आणा. टीव्ही आणू नका.

इथे काय मिळतं आणि काय मिळत नाही याबद्दलचा तुमचा अंदाज २००९ मधल्या पुण्यावर बेतलेला असण्याची शक्यता आहे. मधे दोन-तीन वर्षांनी सुट्टीला आलात तरी ते पाहुणे म्हणून. घर चालवायला लागलं की वेगळंच पुणं दिसतं. भारतात ॲमेझॉन २०१३ मध्ये आलं, यूपीआय २०१६ मध्ये सुरू झालं, इकियाचं नवी मुंबईतलं दुकान २०२० मध्ये उघडलं. पीनट बटर, डिशवॉशर, मुलांच्या कार सीट, ओट्स, चीज, सगळं मिळतं. सहा महिन्यांचा शाम्पू आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांचे गठ्ठे भरू नका. त्या जागेत आणखी एक खोका पुस्तकं जातील.

काय टिकणार नाही तेही पाहा. भुसा दाबून बनवलेल्या फळ्यांचं फर्निचर पावसाळ्यात फुगतं. चामड्याच्या पर्सला, बुटांना, कोटांना बुरशी येते. गालिचे धूळ आणि ओल धरतात. थंडीचे कोट प्रत्येकी एक ठेवा, डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे आणि उत्तरेकडच्या सहलीला तो पुरतो. बाकीचे तिथल्या मराठी मंडळाच्या कुणाला तरी विचारून, नुकत्याच भारतातून आलेल्या कुटुंबाला द्या. पहिल्या हिवाळ्यात त्या कोटांची किंमत काय असते हे तुम्हाला कुणी सांगायला नको.

आता डायनिंग टेबल. तुमच्या नवऱ्याला कंटेनर हवा आहे त्यामागे पैसा आहे असं ते म्हणतात, पण मला नाही वाटत. सोळा-सतरा वर्षं नोकरी केली, व्हिसाच्या तारखा मोजल्या, बर्फ उपसला, आणि त्यातून हे घर उभं केलं. ते एका आठवड्याच्या विक्रीत अनोळखी माणसं येऊन उचलून नेणार, हे त्यांना सोसवत नसेल. त्यांच्याशी ट्रान्सफॉर्मर आणि घनमीटर बोलण्याआधी हे बोला. वडील जाऊन वर्षच झालंय हेही लक्षात असू द्या. ज्या घरातून वडील गेले त्याच घरात ते राहायला जातायत, आणि एडिसनचं घरही आत्ताच मोडतायत.

तरीही टेबल नेऊ नये असं माझं मत आहे. मापं आली की त्यांना स्वतःलाच दिसेल की सहा खुर्च्यांचं टेबल त्या घरात ठेवायचं तर सासूबाईंचं काहीतरी हलवावं लागेल. भरीव लाकडाचं असलं तरी कोरड्या, हीटर लावलेल्या घरातून पुण्याच्या पावसाळ्यात आलं की सांधे हलतात, फळी वाकते. ते विकू नका. तुमच्यासारखंच दोन बॅगा घेऊन नव्याने आलेलं एखादं कुटुंब शोधा आणि त्यांना भेट द्या. द्यायच्या आधी ओळखीच्या सगळ्यांना त्या टेबलावर एकदा जेवायला बोलवा. बाकीचं फर्निचर ऑनलाइन विका, उरेल ते हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या सेवाभावी संस्थेच्या दुकानाला द्या, ते वापरण्याजोगं फर्निचर घेतात. नवऱ्याला मात्र त्यांची हत्यारांची पेटी आणि त्यांच्या मर्जीचे चार खोके द्या. मुलीचा नियम त्यांनाही लागू, आत काय आहे ते विचारायचं नाही. तुमचेही चार ठेवा.

स्टोरेज युनिटला माझा सरळ विरोध आहे. दर महिन्याचं भाडं गुणिले २४ करून पाहा, आणि त्यासमोर तेच फर्निचर तिकडे जुनं घेतलं तर काय पडेल ते मांडा. पैशाचा प्रश्न तिथेच सुटेल. पैशाहून मोठी अडचण मुलांची आहे. आपलं घर तिकडे कुलपात ठेवलंय, हे त्यांना माहीत असलं की इथल्या शाळेत, इथल्या जिन्यात, इथल्या मुलांत ती मन लावायचं लांबवतात. तुमची मुलगी तर नक्कीच लांबवेल. परत जावं लागलंच तर तुम्ही २००९ मध्ये जसं उभं केलंत तसं पुन्हा कराल, आणि यावेळी तिथली माहिती आणि माणसं जोडीला असतील.

सामान पोचायला न्यू जर्सीहून न्हावाशेवापर्यंत आणि पुढे कस्टम्समधून सुटून पुण्यापर्यंत दोन-अडीच महिने धरा. बरेच जण याने कातावतात. तुमच्यासाठी हे फार चांगलं आहे. तुम्ही बॅगा घेऊन आधी पोचाल, खोके नंतर येतील. मधल्या दिवसांत सासूबाईंच्या घरात त्यांच्या पद्धतीने राहून पाहा. त्यांच्या कुकरमध्ये भात लावा, त्यांच्या कपात चहा घ्या. सासऱ्यांचं कपाट कधी उघडायचं ते त्यांना ठरवू दे. त्या म्हणाल्या तर तुमच्या नवऱ्याने त्यांच्याबरोबर बसून एकेक कपडा काढावा. न म्हणाल्या तर ते कपाट तसंच राहील आणि तुमचे खोके काही महिने दिवाणाखाली राहतील. यात घाई करून जागा मिळवलीत, तर ती जागा सगळ्यांना टोचत राहील.

खोके ऐन पावसात येऊ नयेत म्हणून सामान निघण्याच्या जेमतेम आधी पाठवा, म्हणजे ते ऑगस्टअखेर किंवा गणपतीच्या सुमारास पोचेल. खोक्यांच्या आत प्लॅस्टिकचं अस्तर लावा, ओल शोषणाऱ्या पुड्या टाका. सामान ज्याच्या नावावर असेल त्या व्यक्तीने भारतात पोचलेलं असावं लागतं आणि कस्टम्सला मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो. सामान आधी येऊन पडलं तर बंदरात दिवसागणिक भाडं चढतं.

दोन वर्षांहून जास्त काळ परदेशी राहून कायमचं परतणाऱ्यांना वापरलेल्या घरगुती सामानावर कस्टम्सची सवलत मिळते. तिला ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स म्हणतात. शेवटच्या दोन वर्षांत भारतातल्या भेटी मिळून सहा महिन्यांहून जास्त झालेल्या नसाव्यात. सासऱ्यांच्या आजारपणात तुमच्या नवऱ्याचा इथे बराच मुक्काम झाला असेल, तर पासपोर्टवरचे शिक्के आधी मोजा आणि सामान तुमच्या दोघांपैकी कुणाच्या नावावर पाठवायचं ते त्यावरून ठरवा. टीव्ही, मोठा फ्रिज, डिशवॉशर यांना वेगळे नियम लागतात. सवलतीची रक्कम सरकार वेळोवेळी बदलतं, तेव्हा निघायच्या महिन्यात केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावर चालू आकडा पाहा. खोक्यांवर क्रमांक घाला आणि प्रत्येक खोक्यात काय आहे याची यादी तुम्ही स्वतः करा. मुलीच्या खोक्यांची यादी ती करेल. तिला सांगा की ही यादी सरकारी अधिकाऱ्यासाठी आहे, आईसाठी नाही.

दागिने खोक्यात किंवा चेक-इन बॅगेत नकोत. वर्षाहून जास्त काळ परदेशी राहून येणाऱ्या बाईला ४० ग्रॅमपर्यंत आणि पुरुषाला २० ग्रॅमपर्यंत दागिने करमुक्त आणता येतात. लग्नातलं सोनं तुम्ही इथूनच नेलं असेल तर त्याची जुनी बिलं, लग्नातले फोटो, आणि नेताना कस्टम्सचा दाखला केला असेल तर तो, असं सगळं एका पाकिटात ठेवा. करमुक्त मर्यादेहून जास्त असेल तर विमानतळावर कस्टम्सच्या लाल मार्गाने जाऊन सरळ सांगा. देव, गौरींचे मुखवटे, आईने दिलेलं पुरणयंत्र, जे भारतातून गेलं होतं ते सगळं तुमच्याबरोबर परत यावं. देव आणि मुखवटे हातातल्या बॅगेत, पुरणयंत्र चेक-इनमध्ये.

सगळ्यात कमी जागा घेणारी आणि हरवली तर सगळ्यात महाग पडणारी वस्तू म्हणजे कागद. मुलांचे पासपोर्ट, ओसीआय कार्डं, लसीकरणाच्या नोंदी, शाळेच्या गुणपत्रिका. इथल्या शाळा जुन्या शाळेचा दाखला मागतात, आणि अमेरिकन शाळा तसा छापील दाखला बहुधा देत नाहीत, म्हणून मुलं कुठल्या तारखेपर्यंत कुठल्या इयत्तेत होती असं पत्र शाळेच्या शिक्क्यानिशी मागून घ्या. मुलांच्या जन्मदाखल्यांवर अपॉस्टिल, म्हणजे दाखला परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचा सरकारी शिक्का, करून घ्या. न्यू जर्सीत ते ट्रेन्टनहून होतं, आणि भारतात बसून करायचं म्हटलं तर बराच वेळ जातो. सगळ्यांच्या वैद्यकीय फाइल, दातांचे एक्स-रे, चष्म्याचे नंबर, चालू औषधं तीन महिन्यांची प्रिस्क्रिप्शनसह. मागच्या सात वर्षांचे टॅक्स रिटर्न, डब्ल्यू-टू म्हणजे पगाराचे वार्षिक कर-दाखले, निवृत्तिवेतन खात्यांचे कागद, गाडी विकल्याची पावती. ही फाइल तुमच्या हातात असू दे, आणि स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवा.

फोनचंही एक काम आहे. हँडसेट तिकडच्या कंपनीकडून अनलॉक करून घ्या, नाहीतर इथलं सिम चालणार नाही. अमेरिकेत विकलेल्या आयफोन १४ पासूनच्या फोनना सिमची खाचच नसते, त्यासाठी इथे ई-सिम घ्यावं लागतं, ते जिओ आणि एअरटेल देतात. आणि तुमचा तिकडचा नंबर बंद करू नका. बँका, टॅक्स, निवृत्तिवेतनाची खाती यांचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. इंटरनेटवर चालणाऱ्या गूगल व्हॉइससारख्या सेवेकडे तो पोर्ट करून घ्या, आणि तुमच्या बँकेचे ओटीपी तिथे येतात का ते निघण्यापूर्वी तपासा. येत नसतील तर त्या बँकेपुरती दुसरी सोय तिथे असतानाच करून घ्या. हे काम निघायच्या महिनाभर आधी उरका. पुण्यात पोचल्यावर ते करू म्हटलं, तर त्यासाठी लागणारा पहिला ओटीपी त्याच बंद पडलेल्या नंबरवर जातो.

तुमची,
ताई